रिकॉलला घाबरून गाडी विकायची का?

प्रश्न: आमची देशी बनावटीची गाडी चार वर्षांची आहे. कर्ज नुकतंच फिटलं. या एका वर्षात कंपनीने तिच्यासाठी दोन रिकॉल काढले, म्हणजे सदोष भाग फुकट बदलून द्यायला गाड्या मागे बोलावल्या. आधी इंधन पंपाचा, तो बदलून मिळाला. आता एअरबॅगच्या इन्फ्लेटरचा, म्हणजे ती फुगवणाऱ्या भागाचा, पण नवा भाग अजून आलेला नाही. मेहुणे म्हणतात, परदेशी गाड्यांना असलं काही होत नाही, ही विकून टाका. विक्रीचे पैसे डाउन पेमेंटला लावून आणि उरलेल्या रकमेचं सात वर्षांचं कर्ज काढून आयात केलेली गाडी घ्यावी का?

उत्तर: आत्ता विकू नका. कर्जाच्या अर्जावर तर मुळीच सही करू नका. कारणं सांगतो, पण त्याआधी पैशांशी संबंध नसलेलं एक काम उरकून घ्या. कंपनीचं रिकॉलचं पत्र पुन्हा नीट वाचा. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका असं त्यात लिहिलं असेल, तर ती जागेवरून हलवू नका आणि कंपनीकडे बदली गाडी मागा, तीही लेखी. एअरबॅगच्या बाबतीत असे इशारे याआधी दिले गेले आहेत. तसं काही लिहिलेलं नसेल, तरी भाग कधी येणार हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

आता हिशोब. आज तुमच्या गाडीला जी किंमत येईल ती १०० धरू. नवी आयात गाडी २६० ला पडते असं समजा, म्हणजे १६० चं कर्ज. नऊ टक्के व्याजाने सात वर्षांत त्यावर सुमारे ५६ नुसतं व्याज जातं. आजच्या तुमच्या गाडीच्या निम्म्याहून जास्त! शिवाय नव्या गाडीची किंमत पहिल्याच वर्षी साधारण पाचव्या हिश्श्याने उतरते, म्हणजे ५२ गेले. त्यात पहिल्या वर्षाच्या व्याजाचे १४ मिळवा. एका वर्षात ६६. आणि कशासाठी? जी दुरुस्ती कंपनी फुकट करून देणार आहे, तिच्या भीतीपोटी. गाडीची किंमत आणि व्याजदर तुमच्याकडे वेगळे असतील, तेव्हा स्वतःचे आकडे घालून पाहा. उत्तराची दिशा बदलेल असं मला वाटत नाही.

उलट बाजू पाहू. ही गाडी ठेवलीत आणि वॉरंटी संपल्यावर तिने दरवर्षी १५ चा दुरुस्तीखर्च काढला, जो चार-पाच वर्षांच्या गाडीसाठी चांगलाच जास्त आहे, तरी तुम्ही नव्या गाडीच्या पहिल्या वर्षाच्या चौथ्या हिश्श्याच्याही आतच राहता. आयात गाडीचा विमा आणि सुटे भाग यांचा हिशोब तर मी अजून धरलेलाच नाही. बाहेरून येणाऱ्या भागांची किंमत चलनाच्या दराबरोबर हलते, आणि भाग यायला वेळ लागला की गाडी उभी राहते. भागासाठी थांबायचा कंटाळा आला म्हणून गाडी बदलणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावं.

मेहुण्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. टिकाऊपणाच्या पाहण्यांमध्ये काही जपानी कंपन्या वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकांवर असतात. पण रिकॉल हे त्याचं मोजमाप नव्हे. ताकाता या जपानी पुरवठादाराच्या एअरबॅगचंच बघा. आतलं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणामुळे वर्षागणिक खराब होत गेलं, आणि एअरबॅग उघडताना इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे उडू लागले. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत मागवावे लागले. गाड्या कोणाच्या होत्या? होंडा, टोयोटा, बीएमडब्ल्यू, फोर्ड. अमेरिकेच्या नजरेने देशी आणि परदेशी, दोन्हीकडे पुरवठादार एकच. २०१० मध्ये टोयोटाने अडकणाऱ्या ॲक्सिलरेटर पेडलसाठी लाखो गाड्या मागे बोलावल्या. ती पेडलं अमेरिकेतल्या सीटीएस या कंपनीची होती. २०२१ मध्ये शेव्हरोले बोल्ट या विजेवरच्या गाडीच्या बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे मालकांना गाडी उघड्यावर लावायला आणि चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवायला सांगितलं गेलं. ह्युंदाईची कोना इलेक्ट्रिकही तशाच कारणाने परत मागवली होती. दोन्हींच्या बॅटऱ्या एलजीच्या.

तेव्हा मेहुण्यांना त्यांच्या परदेशी गाडीचा चॅसी नंबर एकदा पाहायला सांगा. पहिलं अक्षर जे असेल तर ती जपानमध्ये बनली, डब्ल्यू असेल तर जर्मनीत. १, ४ किंवा ५ असा आकडा असेल तर अमेरिकेत. टोयोटाची कॅम्री १९८८ पासून अमेरिकेतल्या केंटकीत बनते आहे. बिल्ल्यावरून जन्मगाव कळत नाही.

रिकॉल झाले नाहीत म्हणून गाडी निर्दोष, हेही मला पटत नाही. जनरल मोटर्सच्या छोट्या गाड्यांचं इग्निशन स्विच चालत्या गाडीत बंद स्थितीत सरकायचं. इंजिन थांबायचं आणि एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीतल्या काही लोकांना हे दहा वर्षांहून जास्त काळ माहीत होतं, तरी रिकॉल झाला २०१४ मध्ये. नंतरच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. मधल्या वर्षांत या दोषासाठी रिकॉलचं एकही पत्र निघालं नव्हतं. आकडे पाहून खरेदी करणाऱ्याला त्या गाड्या स्वच्छच दिसल्या असत्या. दुसऱ्या टोकाला, डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने सुमारे २० लाख गाड्यांचा रिकॉल काढला आणि उपाय म्हणून सॉफ्टवेअर पाठवलं. त्यासाठी गाड्या सर्व्हिस सेंटरला न्याव्याच लागल्या नाहीत. हे दोन्ही रिकॉल एकाच रकान्यात मोजणाऱ्या यादीवर मी तरी पैसे लावणार नाही.

पैशांच्या दृष्टीने मला सर्वांत बोलका वाटणारा दाखला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा. तिथे १९८४ पासून जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी मिळून कारखाना चालवला. टोयोटा कोरोला आणि जनरल मोटर्सची जिओ प्रिझम या यांत्रिकदृष्ट्या जुळ्या गाड्या तिथे तयार व्हायच्या. तेच कामगार, तेच इंजिन. तरी जुन्या बाजारात प्रिझम स्वस्तात जायची, कारण तिच्यावर परदेशी नाव नव्हतं. कोरोला घेणारा त्या नावाचे पैसे मोजत होता, प्रिझम सेकंडहँड घेणाऱ्याला तीच गाडी कमी पैशांत मिळत होती. तुम्ही आज विक्रीला निघालात तर प्रिझमवाल्याच्या जागी उभे राहाल, तेही दुरुस्ती बाकी असलेली गाडी घेऊन. घेणारा चॅसी नंबर टाकून रिकॉल तपासेल आणि घासाघीस करेल. भाग बसवल्यावर तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.

घाईत विकण्याचा आणखी एक तोटा असतो. फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण, म्हणजे चाचणीत धूर कमी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, प्रदूषणाचं होतं, सुरक्षेचं नव्हे. पण अमेरिकेत ज्यांनी दोन लिटर इंजिनच्या त्या गाड्या ठेवल्या, त्यांना २०१६ च्या तडजोडीत कंपनीला गाडी परत विकण्याचा पर्याय मिळाला. भाव प्रकरण उघड होण्यापूर्वीच्या किमतीवर ठरला आणि वर भरपाईही मिळाली. दर वेळी असं होत नाही, आणि तुमच्या बाबतीत होईल असं मी म्हणत नाही. मात्र गाडी हातातून गेली की असा पर्यायही बहुधा हातातून जातो.

तुम्ही सात वर्षांचा हप्ता भरायला तयार होतात, म्हणजे तेवढी रक्कम महिन्याला निघते. त्यातला तिसरा हिस्सा गाडीच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात टाका. बाकीची आधी आपत्कालीन निधीत जाऊ द्या, तो सहा महिन्यांच्या खर्चाइतका झाला की गुंतवणुकीत. इंधन पंपाचा दोष रिकॉलपूर्वीच जाणवला होता आणि तुम्ही स्वतःच्या खिशातून काही दुरुस्ती केली होती का? असेल तर पावती शोधा. अनेक ठिकाणी असा खर्च परत मागता येतो, पत्रात तसा उल्लेख असतो.

माझं मत दोन गोष्टींनी बदलेल. नवा इन्फ्लेटर बसवल्यावर त्याच भागाचा पुन्हा रिकॉल आला, किंवा गाडी चालवू नका असा इशारा असूनही कंपनीने महिनोन्महिने ना भाग दिला ना बदली गाडी. तसं झालं तर आधी कंपनीकडे गाडी परत घेण्याची लेखी मागणी करा, आणि उत्तर आलं की मला कळवा. तेव्हाही नवी आयात गाडी माझ्या यादीत वर नसेल. दोन-तीन वर्षं वापरलेली, सगळे रिकॉल पूर्ण झालेली गाडी बघू, बिल्ला कुठलाही असो. तिच्या पहिल्या वर्षाचा घसारा आधीच्या मालकाने सोसलेला असेल.