टक्स काढून टाक, काजं हाताने कर

प्रश्न : ताई, मी १५६० च्या आसपासचा फ्लोरेन्सचा गाऊन शिवतेय. ब्लाउजच्या कटिंगवरून बॉडिस (गाऊनचा कंबरेवरचा घट्ट भाग) काढली तर टक्सपाशी, म्हणजे आकारासाठी कापड मुडपून शिवतात तिथे, सगळं बिघडतंय. आणि सगळंच हाताने शिवायचं का?

उत्तर : अगं, टक्सच नकोत! तेव्हाच्या बॉडिसला टक्स नसायचेच, समोरचा भाग सपाट आणि आकार येतो तो बाजूच्या शिवणींतून नि आतल्या कडक कापडातून, त्यामुळे ब्लाउजचं कटिंग विसर आणि आधी मांजरपाटावर ट्रायल घे. फ्लोरेन्सची डचेस एलेनोरा दि तोलेदो १५६२ मध्ये गेली, तिला पुरताना घातलेला सॅटिनचा गाऊन फ्लोरेन्सच्या पित्ती पॅलेसमध्ये आहे, बराच कुजलाय पण कटिंग कळतं, आत लाल मखमलीची बॉडिस होती, समोर हुक लावलेली. स्कर्टच्या लांब शिवणी बिनधास्त मशीनवर मार, आत कोण बघतंय. नाडी ओवायची काजं मात्र हातानेच. टोच्याने भोक पाड, कात्री लावू नकोस, धागे तुटले की ओढ बसल्यावर फाटतं. मेटलच्या रिंगा ठोकलेल्या मला तरी बघवत नाहीत. कंबरेच्या चुण्यांनाही धावदोऱ्याच्या दोन समांतर ओळी घालून ओढ, मग एकेक चुणी पट्टीला हाताने टाच, मशीनखाली त्या चपट्या होतात.