इंदूरला राजवाडा परिसराचा कायापालट होतोय, मेट्रो येतेय. आई-बाबांसाठी जुन्या शहरात घर घ्यावं का?

तुमचे आई-बाबा सत्तरीचे आहेत आणि दोघंही गाडी चालवत नाहीत, हे तुम्ही प्रश्नाच्या अगदी शेवटी लिहिलंय. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, म्हणून मी लिहायला बसले. लग्न झाल्यापासून मी राजवाड्याजवळच्या रामबागेत राहते आणि आमच्या घरात कार नाही.

मेट्रोच्या भरवशावर घर घेऊ नका. ३१ मे २०२५ ला जो टप्पा सुरू झाला तो गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर, सुमारे सहा किलोमीटर, पाच स्टेशनं, आणि त्या बाजूला वस्ती अजून विरळ. जुन्या शहरात ती जमिनीखालून जायची आहे. तुमच्या बाबांचे गुडघे तोवर थांबणार नाहीत. त्यांना जी लागेल ती बस, आणि बसबद्दल माझ्या घरात जे झालं ते सांगते.

सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर विजयनगरला फिजिओथेरपीला जायचं होतं. मी नोकरीवर, यजमान दुकानात. पहिल्या आठवड्यात मी सोबत गेले. पलासियापर्यंत रिक्षा, तिथून आय-बस, म्हणजे एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) मधल्या, रेलिंग घातलेल्या, फक्त बससाठी राखलेल्या लेनमधून धावायची ती बस. आय-बसचे थांबे रस्त्याच्या मधोमध होते आणि फलाट बसच्या आतल्या फरशीशी बरोबर समपातळीत. पायरी म्हणून चढायची नाही. दार उघडलं की घरातल्या एका खोलीतून दुसरीत जावं तशा त्या काठी टेकत आत जायच्या. दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "तू कामावर जा गं, मी जाते माझी." आणि गेल्या. येताना विजयनगरहून स्वतः निवडून मेथीची जुडी आणली, ती सगळ्यांना दाखवत होत्या. पडल्यापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज पूर्वीसारखा ठणठणीत ऐकला मी.

आमचे थोरले दीर विजयनगरलाच राहतात. दिवाळीच्या फराळाला आले की दरवर्षी तोच वाद: "एवढा चांगला एबी रोड, आणि मधली लेन रिकामी पडलेली. आम्ही कारवाले तासभर अडकतो." तेव्हा मोठ्यांसमोर किती बोलायचं म्हणून गप्प बसायचे. इथे सांगते. भाऊजी, लेन रिकामी दिसायची कारण बस अडकून पडत नव्हती, निघून गेलेली असायची. तुमच्या कारमध्ये तुम्ही एकटे, त्या बसमध्ये पन्नास-साठ जण, त्यात तुमची आईसुद्धा. रस्त्यावर जागा कोणी जास्त खाल्ली?

निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा आय-बसचा साडेअकरा किलोमीटरचा राखीव मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो काढायची घोषणा झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि रेलिंग निघायला लागली. आता बस बाकीच्या वाहनांतूनच वाट काढते. सासूबाई एकदा कडेच्या थांब्यावर उभ्या राहिल्या. बस दोन हात लांब थांबली, पायरी उंच, मागून हॉर्न. परत आल्या. त्यानंतर एकट्या गेल्या नाहीत. आता दीर गाडी पाठवतात, त्यांना सवड असेल तेव्हा.

कायापालटाच्या चर्चेत राजवाड्यापाशी वाहनं बंद करा असं म्हणतात, आणि ती बंद व्हावीत हे माझंही ठाम मत आहे. होळकरांचा सात मजली वाडा, खाली दगड, वर लाकूड, १९८४ च्या आगीतून वाचलेला आणि पुन्हा उभा केलेला. त्याच्यासमोर दुचाक्यांचा ढीग शोभत नाही. पण सगळे छप्पन दुकानाचा, म्हणजे वाहनं बंद केलेल्या आपल्या खाऊगल्लीचा, दाखला देतात तो मला पटत नाही. तिथे लोक खायला जातात, कार बाहेर लावतात, फेरी मारून परततात. राजवाड्याभोवती माणसं राहतात. सीतलामाता बाजारात लग्नाच्या साड्यांचे गठ्ठे येतात, खजुरी बाजारात पुस्तकांचे, सराफ्यात दिवसा दागिने आणि रात्री खाऊच्या गाड्या. हे सगळं चालू ठेवून वाहनं बंद करायची तर बस राजवाड्याच्या तोंडाशी यायला हवी आणि मालाच्या गाड्यांना पहाटेची वेळ हवी. नुसतं पार्किंग बांधलं तर आणखी कार येतील. आय-बसचंसुद्धा हेच उणं होतं: ती राजवाड्याला कधी आलीच नाही, पलासियापर्यंतची सोय आपली आपण करायची.

होळकर दरबाराने शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला शहराचा आराखडा करायला बोलावलं होतं. त्यांचा अहवाल १९१८ चा. ते गल्ल्यागल्ल्यांतून पायी हिंडले. सरसकट पाडून रुंद सरळ रस्ते काढायला त्यांचा विरोध होता; चार पडकी घरं काढा, उजेड येऊ द्या, उरलेली गल्ली जपा, असं त्यांचं म्हणणं. प्लेग हटवायला त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली, तीत प्लेगच्या उंदराची प्रतिमाही होती, आणि लोकांनी घरं-अंगणं झाडून काढली. आज आराखडा काढणाऱ्यांनी निदान एखाद्या काठीवाल्या आजीबरोबर रामबाग ते राजवाडा चालून बघावं.

तर घर घ्यावं का? घ्या. दूध, किराणा, औषधं, देऊळ, मराठी बोलणारे शेजारी, सगळं चालत्या अंतरावर आहे, आणि हे सुख नव्या स्कीममध्ये कितीही पैसे टाकून मिळणार नाही. मात्र तळमजला घ्या. जुन्या घरांचे जिने उभे असतात. रस्ता रुंदीकरणाची रेघ घरावरून जाते का, ते कागदावर तपासा, दलालाच्या तोंडी शब्दावर राहू नका. तुमची स्वतःची कार असेल तर ती लावायला जागा मिळणार नाही हे धरूनच चाला.

घर बघायला याल तेव्हा कारने येऊ नका. आई-बाबांना घेऊन संध्याकाळी सातच्या सुमारास पलासियाहून साध्या शहर बसने या. दोघांना हात न देता चढता-उतरता येतंय का बघा, मग बयाणा द्या.