नववीचा पट मागून घे

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

भोर, वेल्हे, जुन्नर, आंबेगावच्या शाळांचा दहावीचा तक्ता मिळाला. (वेल्ह्याचं आता राजगड झालंय, तेवढं दुरुस्त कर.) काम चिकाटीचं आहे, पण शाळांना क्रमांक देण्याची एवढी घाई कशाला?

घाटाकडच्या शाळेत दहावीला २० पोरं. एक नापास झालं की निकाल ९५ वर. मंचरच्या बाजूला २०० मुलांच्या शाळेत तेच एक पोर अर्ध्या टक्क्याचं. तेव्हा चार-पाच वर्षांची मुलं एकत्र मोज. त्यात २०२१ धरू नकोस. त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला.

आता मुख्य गोष्ट. १०० टक्के निकाल दिसला की आधी विचार, आदल्या वर्षी नववीच्या पटावर किती होते? काही शाळा कच्ची मुलं नववीतच रोखतात, काही पालकांच्या हाती दाखला देतात, काही गोड बोलून सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावतात. तो भरला की मूल खाजगी विद्यार्थी झालं, शाळेच्या नियमित निकालात दिसत नाही. उलट एखादी शाळा सगळ्यांना बसवते, मागे लागून शिकवते आणि ८५ वर राहते. तुझ्या तक्त्यात ती तळाला जाईल. मी तिला वर ठेवीन, आणि यावर मी वाद घालायला तयार आहे.

मात्र पटातली प्रत्येक गळती म्हणजे लबाडी नव्हे. घर पुण्याला हललं, मुलीचं लग्न लावलं, असंही असतं. दाखल्यांची नोंद शाळेच्या लेखनिकाकडे असते. त्याच्यापाशी निवांत बस, मुख्याध्यापकांपेक्षा तोच जास्त सांगेल.

नुसतं उत्तीर्णही पुरेसं नाही. ३५ ला पास, त्यात विषयागणिक २० गुण शाळेच्याच हातातले. गणित आणि इंग्रजीत ६० च्या वर किती, हा रकाना घाल. गणिताचा शिक्षक किती वर्षं नव्हता, हाही.

आश्रमशाळा वेगळ्या पानावर घे. तिथली मुलं निवासी, त्यांची तुलना बाजारगावच्या शाळेशी लावू नकोस. पट हाती आला की तक्ता पुन्हा पाठव, क्रमांकाचा रकाना काढून.

तुझा,
सर