'अवोदा बेगश्मियुत'ला 'कर्मयोग' म्हणावं का?

प्रश्न: ज्यूंच्या हसिदी पंथाबद्दल लिहिताना 'अवोदा बेगश्मियुत' हा हिब्रू शब्दप्रयोग येतो. मराठीत 'भौतिक पूजा' म्हणू की 'कर्मयोग'?

माझ्या मते दोन्ही नकोत. 'भौतिक पूजा' म्हटलं की वस्तूचीच पूजा वाटते, आणि ज्यू धर्मात मूर्तिपूजा हे अगदी मोठ्या पापांपैकी एक.

शब्द दिसतात तितके परके नाहीत. 'अवोदा'चं अरबी भावंड म्हणजे 'इबादत', आणि 'गश्मियुत'चा नातलग 'जिस्म'. अवोदा म्हणजे काम, चाकरी आणि जेरुसलेमच्या मंदिरातली उपासनाही. एवढा पल्ला मराठीत 'सेवा' या शब्दालाच आहे. गश्मियुत म्हणजे जडपण, देहपण. खाणंपिणं, झोप, दुकानदारी, सगळं त्यात आलं.

हा पंथ १८व्या शतकात आजच्या युक्रेनमध्ये बाल शेम तोव यांच्या शिकवणीतून उभा राहिला. मागची कल्पना मात्र आजच्या इस्रायलमधल्या सफेद या गावचे ज्यू गूढवादी आयझॅक लुरिया (१५३४–१५७२) यांची: सृष्टी घडताना दिव्य प्रकाशाची पात्रं फुटली आणि ठिणग्या जड वस्तूंत अडकल्या. मन देवाकडे ठेवून घास घेतला की त्यातली ठिणगी मोकळी होते. म्हणजे जेवण उरकून उपासनेला बसायचं असं नाही, ते जेवणच उपासना. आपल्या 'प्रपंच करून परमार्थ' या बोलण्यात दोन खाती वेगळी राहतात. इथे खातं एकच.

'कर्मयोग' इथेच अडखळतो. त्यात फळाची आसक्ती सोडायची असते. इथे फळ चवीने खायचं, फक्त आधी ब्राखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणायचं. ब्राखा न म्हणता या जगाचा उपभोग घेऊ नये, असं तालमूद हा ज्यूंचा धर्मग्रंथच सांगतो. कोकणातल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, मलिदा या विधीतही पोहे आणि फळं पुढ्यात ठेवून ब्राखा म्हणतात. ती परंपरा हसिदी नव्हे, पण ब्राखा या जुन्या मुळाशी दोघांचं नातं आहे.

मग काहीही खावं का? नाही. निषिद्धाला हिब्रूत 'असूर' म्हणतात (आपला असुर नव्हे!), त्याचा मूळ अर्थ 'बांधलेलं'. हसिदी विचारात अशा पदार्थातली ठिणगी बांधलेलीच राहते, कितीही भक्तिभावाने खाल्लं तरी. तरीही या शिकवणीतून स्वैराचार फोफावेल अशी भीती अनेकांना होती. १७७२ मध्ये विल्नाच्या (आजचं लिथुआनियातलं विल्नियस) ज्यू धर्मपंडितांनी हसिदींवर बहिष्कार घातला, अर्थात त्याला इतरही कारणं होती. ही वाट फक्त सिद्ध पुरुषांची, असं खुद्द काही हसिदी गुरूही म्हणत.

मी 'देहधर्मातून सेवा' असं लिहीन. 'देहधर्म' म्हटल्यावर शौच आठवतं म्हणून कचरू नका, शौचाहून आल्यावर म्हणायचीही ब्राखा आहे. संदर्भ धंद्याचा असेल तिथे 'व्यवहारातून सेवा' बरं.