पहिलीच माउंटन बाइक घेतोय. तेवढ्याच पैशांत हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन) घ्यावी की फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे)?

हार्डटेल घ्या. बजेट तेवढंच असेल तर फुल सस्पेन्शनमध्ये मागच्या शॉकचा खर्च फोर्क (पुढचं चाक धरणारा, दबणारा भाग) आणि ब्रेकच्या दर्जातून वसूल होतो. वरून वजनही वाढतं, आणि जोडांतले बेअरिंग झिजले की मागचा भाग खुळखुळायला लागतो. हार्डटेलमध्ये साधारण १२० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा, एअर फोर्क बघा (हवेचा दाब आपल्या वजनाप्रमाणे बदलता येतो), शिवाय हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र). '२१ गिअर'च्या पाटीला भुलू नका, गिअरची संख्या म्हणजे दर्जा नव्हे! साइज उभं राहून तपासा: सीटच्या पुढे दोन्ही पाय जमिनीवर टेकल्यावर टॉप ट्यूबच्या (सीटकडून हँडलकडे जाणारी वरची नळी) वर किमान ५ सेंमी मोकळी जागा हवी. नेहमीची वाट मोठ्या दगडांच्या तीव्र उताराची असेल, तर मात्र बजेट वाढवून फुल सस्पेन्शनच घ्या.