टर्कीच्या ताटाशेजारी कुठली वाइन?

प्रश्न: यंदा थँक्सगिव्हिंगला लेकीचे अमेरिकन सासू-सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येत आहेत. टर्की मीच करणार आहे, आलं-लसूण आणि थोडा आपला मसाला लावून. माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या आहेत, त्या शाकाहारी. आमच्या घरात वाइनची फारशी सवय नाही आणि दुकानातल्या बाटल्या पाहून गोंधळायला होतं. काय आणावं, किती आणावं?

उत्तर: आधी व्याह्यांना एक फोन करा आणि त्यांना काय आवडतं ते सरळ विचारा. यात कमीपणा काहीच नाही, उलट आपली आठवण ठेवून विचारलं याचंच त्यांना बरं वाटेल. त्यांनी एखादं नाव सांगितलं तर तेच आणा. ‘काहीही चालेल’ म्हणाले, तर पुढचं वाचा.

टर्कीचं मांस चवीला सौम्य असतं, छातीकडचं तर कोरडंच. त्यामुळे वाइन टर्कीशी जुळते का, याची फार काळजी नको. खरी कसोटी लागते ती शेजारच्या पदार्थांशी: आंबटगोड क्रॅनबेरी सॉस, मार्शमॅलो घातलेली रताळी, सेज या सुगंधी पाल्याच्या वासाचं स्टफिंग आणि तुमच्या बाबतीत मसाला. ताटात गोड, आंबट, तिखट सगळं एकत्र असताना वाइनला स्वतःचा आंबटपणा हवा. तुरटपणा कमी हवा आणि अल्कोहोलही बेताचंच.

म्हणूनच ‘चांगली वाइन’ म्हणून बहुतेक जण उचलतात ती लाल कॅबरने सोव्हिन्यों या जेवणासाठी घेऊ नका. द्राक्षाच्या साली-बियांतून येणारं टॅनिन तिच्यात भरपूर असतं. चरबीदार बीफबरोबर किंवा मटणाबरोबर तो तुरटपणा मऊ पडतो, टर्कीच्या छातीबरोबर तो जिभेवर तसाच राहतो. क्रॅनबेरीसोबत तर ती कडवट लागते. शिवाय टॅनिन आणि जास्त अल्कोहोल, दोन्हींनी मिरचीची आग वाढते. याच कारणासाठी अल्कोहोल 15 टक्क्यांच्या आसपास जाणारी लाल झिनफँडेलही मी मसाला लावलेल्या टर्कीबरोबर देणार नाही, जरी ती अस्सल कॅलिफोर्नियाची ओळख असली आणि साध्या टर्कीबरोबर अनेक अमेरिकन घरांत आवडीने प्यायली जात असली तरी.

माझी पहिली पसंती रीसलिंग या पांढऱ्या वाइनला. हिचा आंबटपणा धारदार असतो आणि किंचित गोडवा असलेली बाटली घेतली तर तिखटाला शांत करते. न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्सची रीसलिंग उत्तम असते, जर्मनीचीही असते. गोडी ओळखायची सोपी खूण म्हणजे लेबलवरचं अल्कोहोल. 8-9 टक्के असेल तर वाइनमध्ये साखर बरीच शिल्लक आहे, 12 किंवा त्याहून जास्त असेल तर ती बहुतेक कोरडी, म्हणजे गोडवा जवळजवळ नसलेली आहे. जर्मन बाटलीवर ‘ट्रोकन’ असेल तर ती कोरडी समजा. बऱ्याच अमेरिकन रीसलिंगच्या मागच्या लेबलवर कोरडी ते गोड अशी पट्टीच छापलेली असते. तुमच्या जेवणासाठी त्या पट्टीवरची मधल्याच्या जरा अलीकडची, कोरड्या बाजूची बाटली निवडा. रीसलिंग नाही मिळाली तर फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली व्हूव्रे घ्या. ती शेनिन ब्लाँ द्राक्षाची असते, आणि हेच द्राक्ष आपल्या नाशिककडेही मोठ्या प्रमाणावर वाइनसाठी लावतात. तुमच्या गावात नाशिकची शेनिन मिळाली, तर व्याह्यांसमोर ती जरूर ठेवा. आपल्या मुलखाबद्दल बोलायला छान निमित्त होईल.

लाल वाइन हवीच असेल तर पिनो न्वार. ऑरेगनच्या विलामेट खोऱ्यातली हलकी, आंबटसर असते आणि तिच्यात चेरी-क्रॅनबेरीसारखा वास असतो. ती जरा महाग पडते. खिशाला परवडणारी म्हणजे फ्रान्सची बोजोले, गामे द्राक्षाची. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी त्याच वर्षीच्या द्राक्षांची बोजोले नूव्हो बाजारात येते, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या बरोबर आठवडाभर आधी, म्हणून दुकानात समोरच रचलेली दिसते. ती मजेची असते, पण अगदी कोवळी. पाहुणे खास असतील तर थोडे जास्त डॉलर घालून मॉर्गों किंवा फ्लरी या गावांची बोजोले घ्या.

आल्याआल्या हातात द्यायला स्पेनची फसफसणारी काव्हा चालेल. लेबलवर ‘ब्रूट’, म्हणजे कोरडी, लिहिलेली बघा. ‘एक्स्ट्रा ड्राय’ नाव असलेली प्रत्यक्षात ब्रूटपेक्षा गोड असते.

750 मिलीच्या बाटलीतून पाच ग्लास भरतात. पिणारे सहा असतील तर चार बाटल्या पुरेशा: दोन रीसलिंग, एक पिनो, एक काव्हा. खरेदी बुधवारपर्यंत उरका. काही राज्यांत थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दारूची दुकानं उघडत नाहीत, मॅसॅच्युसेट्समध्ये तर कायद्यानेच बंद असतात. बाटलीला बूच आहे की फिरकीचं झाकण, तेही आधीच बघा आणि बूच असेल तर कॉर्कस्क्रू घरात असल्याची खात्री करा. लाल वाइन वाढण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. उबदार घरात ती कोमट होते आणि मग नुसतं अल्कोहोल नाकात जातं.

आता सासूबाईंचं. त्यांनी वाइन घ्यायचं म्हटलं तर एक माहीत असू द्या: वाइन नितळ करताना काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. बाटलीवर ‘व्हीगन’ असं लिहिलेलं असेल तर ती निवडा. टर्कीच्या पोटात भाजलेलं स्टफिंग शाकाहारी राहत नाही, त्यांच्यासाठी ते वेगळ्या ट्रेमध्ये भाजा. आणि त्या घेणार नसतील तर त्यांच्या हातातही तितकाच सुंदर ग्लास असावा, याबाबत मी आग्रही आहे. सोडा घातलेलं कोकम सरबत, नाहीतर अॅपल सायडर. अमेरिकेत साधं ‘अॅपल सायडर’ म्हणजे गाळणी न लावलेला सफरचंदाचा रस, ‘हार्ड सायडर’ मात्र दारू. इंग्लंडमधल्या वाचकांनी लक्षात ठेवावं, तिथे नुसतं सायडर म्हटलं तरी दारूच मिळते. 21 वर्षांखालची मुलं, औषधं चालू असलेली मंडळी आणि गाडी चालवून घरी जाणारा, सगळ्यांना यातलंच द्या. ‘एक घोट तरी घ्या’ असं कुणाला म्हणू नका.

व्याही स्वतः बाटली घेऊन आले तर ती उघडू का, असं विचारा आणि हो म्हणाले तर लगेच उघडा, मग ती कॅबरने का असेना.

भोपळ्याच्या पायबरोबर कोरडी वाइन आंबट लागते. गोडाबरोबर वाइन त्याहून गोड हवी, म्हणजे लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या गोड द्राक्षांच्या) रीसलिंगची छोटी बाटली. नाहीतर सरळ कॉफी करा. उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. शुक्रवारी उरलेल्या टर्कीचा रस्सा केलात, तर त्याच्याबरोबर रीसलिंगच काढा, पिनो नको.