हुआरेसला येताय, तर पाठीमागचं राज्यही बघा

“कंपनी तीन वर्षांसाठी सिउदाद हुआरेसला पाठवतेय, घरचे घाबरलेत, तिथे कारखान्यांखेरीज काही आहे का?” असं तुम्ही विचारलंत. मला चाकण सोडून इथे, मेक्सिकोच्या उत्तर सीमेवरच्या या शहरात, येऊन नऊ वर्षं झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी भीतीचं. ती खोटी नाही. 2010च्या आसपास हे शहर खुनांसाठी जगभर बदनाम होतं आणि आजही काही वस्त्यांत जाऊ नये. घर कुठे घ्यायचं ते कारखान्यातल्या स्थानिक सहकाऱ्यांना विचारूनच ठरवा. शहराबाहेर दिवसाउजेडीच निघा. मी मुलाबाळांसह राहतो ते एवढं पाळून.

आपली बरीच मंडळी दर शनिवारी पूल ओलांडून पलीकडे अमेरिकेतल्या एल पासोला पळतात. व्हिसा असेल तर किराण्याला जा की. पण पाठीमागे अख्खं चिवावा राज्य पसरलंय, ते बघायचं राहून जातं आणि मला मनापासून वाईट वाटतं. मेक्सिकोतलं हे सगळ्यात मोठं राज्य. महाराष्ट्राच्या चार-पंचमांश, आणि लोकवस्ती 40 लाखांच्याही आत. हुआरेसहून निघालात की तासाभरात सामालायुकाच्या वाळूच्या टेकड्या लागतात, मग कितीतरी वेळ नुसतं माळरान.

चार तासांवर राजधानी, तिचंही नाव चिवावाच. मिगेल इदाल्गो या पाद्र्याने 1810मध्ये स्पेनविरुद्ध उठाव केला. 30 जुलै 1811 रोजी त्याला इथेच गोळ्या घातल्या. ती जागा आज सरकारी वाड्याच्या आत आहे. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा टोपी काढून तिथे उभे होते. या माणसांचा इतिहास त्यांच्या किती जवळ आहे, ते मला त्या दिवशी कळलं. तिथून पांचो व्हियाच्या घरी जा. 1910च्या मेक्सिकन क्रांतीतला हा सेनानी 1923मध्ये पाराल गावात मारला गेला. तो बसला होता ती डॉज गाडी गोळ्यांच्या भोकांसकट अंगणात ठेवलीय.

आणि काहीही चुकलं तरी चालेल, पण बारांकास देल कोब्रे चुकवू नका. ही एक दरी नव्हे, दऱ्यांचं जाळं आहे, काही ठिकाणी ग्रँड कॅन्यनहून खोल. 1961मध्ये पूर्ण झालेला रेल्वेमार्ग त्यातून थेट किनाऱ्याजवळच्या लोस मोचिसपर्यंत उतरतो. आपला खंडाळ्याचा घाट तासन् तास चालू राहिला तर कसा वाटेल, तसा. दिविसादेरोला गाडी थोडा वेळ थांबते. लोखंडी पिंपाच्या चुलीवर बायका निळसर मक्याच्या जाड भाकऱ्या थापतात, पोट फाडून आत बटाटा नाहीतर चीज भरतात, त्या गोर्दितास. शेजारी इथल्या रारामुरी या आदिवासी जमातीच्या बायका पाइनच्या पानांच्या परड्या विणत बसलेल्या. मैलोन् मैल धावण्यासाठी हे लोक प्रसिद्ध आहेत, पण त्यांना प्रदर्शनातली वस्तू समजू नका. फोटो विचारूनच काढा, परडी घ्या, घासाघीस करू नका. हिवाळ्यात काठावर बर्फ असतं, तेव्हा तळाशी उरिके गावात आंब्याची झाडं हिरवीगार असतात. पहिल्यांदा जाल तर पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात जा.

वायव्येला पाकिमे आहे, मातीच्या भिंतींचं प्राचीन नगर; 1998पासून जागतिक वारसा. दारं इंग्रजी ‘टी’च्या आकाराची. मुलांना पोपटांची खुराडी दाखवा.

घड्याळाचं लक्षात ठेवा: हुआरेस एल पासोच्या वेळेवर चालतं, त्यामुळे हिवाळ्यात राजधानी तासभर पुढे असते. माझी पहिली बस अशीच चुकली होती.

येण्याआधी स्पॅनिश सुरू करा, निदान आकडे आणि नमस्कार-चमत्कार. कारखान्यात डब्याला ‘लोंचे’ म्हणतात, दचकू नका. लोणचं मात्र घरूनच आणा. तवा आणू नका, इथला कोमाल पोळ्यांना उत्तम चालतो. लाटणं आणा.